सायलेन्सर बदलला, जेट बदललं, तरी फटाके थांबेनात: एका जुन्या ३५० सीसी गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००३ ची. ३५० सीसी, एकच सिलिंडर, पुशरॉडवाली, उजव्या पायाला गिअर. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) साध्या स्लाइडचा, २४ मिलिमीटरचा. त्यातलं पेट्रोल मोजून सोडणारं छोटं भोक म्हणजे जेट, आकडा मोठा तेवढं भोक मोठं. घेतली वडिलांनी. भोसरीच्या कंपनीत त्यांची नोकरी होती, तोवर रोजची ये-जा हिच्यावरच झाली. निवृत्तीनंतर गाडी मुलाकडे आली. मुलगा हिंजवडीत कामाला आहे, एरवी स्कूटर वापरतो, पण रविवारी ही गाडी काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी इथे गाळले आहेत.

जून २०२५ मध्ये मूळ सायलेन्सर खालून गंजून फुटला. नाना पेठेत चौकशी केल्यावर मूळ नमुन्याचा सायलेन्सर मिळत होता, पण शेजारीच एक शॉर्ट बॉटल, म्हणजे आखूड, मोकळा सायलेन्सर टांगलेला होता. सत्तावीस वर्षांच्या मुलाने काय उचललं असेल ते सांगायला नको. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा नवा बेंड पाइपही त्याच जोडीतला घेतला आणि त्याच दिवशी एका गॅरेजात दोन्ही बसवून घेतलं.

माझं गॅरेज सिंहगड रस्त्याला, धायरी फाट्याच्या अलीकडे. गाडी माझ्याकडे आली ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. २७ तारखेला गणपती, आणि बाप-लेकांना दोन दिवस आधी ताम्हिणीमार्गे कोकणात गावी जायचं होतं. म्हणजे हातात जेमतेम बारा दिवस.

तक्रार

"काका, रेस सोडली की फटाके फुटतात. सिग्नलला निघताना गाडी एकदम गप्प बसते, मग उचलते. आणि चढाला दमच नाही."

वडील सोबत होते. ते म्हणाले, "गरम फार होते आता. पूर्वी कात्रज चढून गेलो तरी पायाला असा चटका लागत नव्हता."

मी प्लग काढून पाहिला. पोर्सेलीन खडूसारखं पांढरं. बेंड पाइप हेडजवळ गडद निळा पडलेला. नवीन पाइप थोडा निळा पडतोच, त्यावरून घाबरायचं कारण नसतं. पण पांढरा प्लग, चटके आणि अडखळणं हे सगळं एकत्र आलं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, मिश्रण लीन झालंय, हे उघड होतं. किती कमी, आणि मुख्य म्हणजे कुठे कमी, हे मात्र त्यावरून कळत नाही.

माझ्याकडे येण्याआधी काय झालं होतं

सायलेन्सर बसवणाऱ्याने ९० चं मेन जेट काढून थेट ११० चं घातलं होतं. "फ्री फ्लो लावला की जेट मोठं करायचं" एवढंच सूत्र. फटाके तसेच राहिले. उलट पूर्ण रेसवर गाडी जड झाली आणि मागून काळा धूर येऊ लागला. ॲव्हरेज ३४ वरून २६ वर आलं.

मग मुलाने व्हिडिओ पाहून स्वतः एअर स्क्रू फिरवला. बाहेर काढला की पेट्रोल वाढतं असं त्याने ऐकलं होतं, म्हणून दीड फेऱ्यांवरचा स्क्रू तीन फेऱ्यांवर नेला. फटाके दुप्पट झाले.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण या एका गोष्टीने पुण्यातल्या कितीतरी गाड्या बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते आधी बघायचं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण आणखी लीन होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण मोजतो, तेव्हा बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं. या गाडीचा स्क्रू फिल्टरच्या बाजूचा. मुलाने ऐकलेलं खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्या जातीच्या कार्बोरेटरबद्दल होतं.

मेन जेटचंही तसंच. रेस साधारण पाऊण उघडल्यानंतर मेन जेटचं राज्य सुरू होतं. पाव ते पाऊण यात नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई), आणि त्याखाली पायलट जेट (आयडलिंगचं छोटं जेट) व एअर स्क्रू, मध्ये स्लाइडच्या कापाचा थोडा हात. रेस पूर्ण सोडल्यावर जे फटाके फुटतात त्यांचा मेन जेटशी काही संबंधच नाही. त्या क्षणी मेन जेटमधून काही जातच नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, शॉर्ट बॉटल काढून मूळ नमुन्याचा सायलेन्सर लावणं. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत सरळ, आणि कायद्याच्या दृष्टीनेही. मी तो सगळ्यात आधी मांडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचे नियम मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र अशी तरतूद आहे. पुण्यात वाहतूक पोलिसांची मोडिफाय सायलेन्सरविरुद्ध मोहीम अधूनमधून निघतेच. मुलगा तयार झाला नाही. मी अट घातली की आत बॅफल (आवाज दाबणारी नळी) बसवणार, आवाज मूळ गाडीच्या जवळ आणणार, नाहीतर काम घेणार नाही. वडिलांनी लगेच मान डोलावली, मुलाने जरा वेळाने.

बॅफलने दुसरीही एक गोष्ट साधली. पाइप पूर्ण मोकळा राहिला नाही, त्यामुळे जेटिंग मूळच्या फार लांब न्यावं लागणार नव्हतं. म्हणूनच बॅफल ट्युनिंगच्या आधी बसवायचा. नंतर बसवला तर केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

दुसरा पर्याय मुलाने सुचवला, एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावू, म्हणजे "पूर्ण सेटिंग" होईल. याला मी स्पष्ट नाही म्हटलं. ऑगस्टचा पाऊस, ताम्हिणीचं धुकं आणि उघडा फिल्टर, हे जमत नाही. शिवाय दोन्ही टोकांनी हवा बदलली की कोणता दोष कशाचा हे शोधणं अवघड होऊन बसतं.

तिसरा, फक्त जेट बदलत जाणं. आधी हेच झालं होतं.

चौथा पर्याय आम्ही घेतला: सगळं मूळ स्थितीला आणायचं, हवा कुठून शिरते ते शोधायचं, आणि मग खालून वर, म्हणजे पायलट, नीडल, मेन या क्रमाने जायचं.

पहिला दिवस: हवा कुठून येते

११० काढून ९० घातलं. नीडलची क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरीवर. फ्लोटची उंची, टॅपेट, इग्निशनचं टायमिंग तपासलं, तिन्ही ठीक. नवा प्लग घातला, कारण जुन्या प्लगवर जुन्या सेटिंगचा रंग चढलेला असतो. आजच्या पेट्रोलवर तर रंग चढायलाही वेळ लागतो, त्यामुळे केवळ रंगावर मी फार विसंबत नाही.

मग साबणाचं पाणी घेतलं. गाडी चालू ठेवून बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या जोडावर टाकलं, तर बुडबुडे. क्लँप काढला तेव्हा आतून काजळीची रेघ बाहेरपर्यंत आलेली. सायलेन्सरचं तोंड पाइपापेक्षा किंचित मोठं होतं आणि फट भरायला बसवणाऱ्याने पत्र्याची पट्टी गुंडाळली होती. रेस सोडली की अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात त्या हवेला भेटतं, आणि फटाका फुटतो.

दुसरी गळती मला अपेक्षित नव्हती. कार्बोरेटरच्या फ्लँजभोवती (इंजिनाला बसणाऱ्या त्याच्या कडेभोवती) पाण्याचा बारीक फवारा मारला तर आयडलिंगचा आवाज बदलला. कार्बोरेटर काढून फ्लँज काचेवर ठेवला, तर मधून उजेड दिसत होता. दोन्ही बोल्ट कोणीतरी अंगातलं सगळं बळ लावून आवळले होते आणि फ्लँज धनुष्यासारखा वाकला होता. ओ-रिंग कडक झालेली. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज इंग्रजी आठचा (8) आकडा गिरवत घासला. माझ्या पोऱ्याने अर्धा तास ते काम इतकं मन लावून केलं की मी मध्ये बोललोही नाही. नवी ओ-रिंग घातली, बोल्ट हाताने बसवून मग थोडेसेच आवळले.

आता एक गोष्ट मनात होती. गाडी २००३ ची, आणि पंपावर मिळतं ते इ-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. इ-२० ला सुमारे साडेतेरा पट. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडत राहतो. म्हणजे सायलेन्सर बदलला नसता तरी ही गाडी थोडी लीनच चालली असती. सायलेन्सर हे एक कारण, पेट्रोल हे दुसरं, फ्लँज तिसरं, पाइपाचा जोड चौथा. आणि चारही कारणांसाठी आधी एकच उपाय केला गेला होता, तोही ज्या जागी दुखत नव्हतं तिथे.

माझी चूक

त्याच संध्याकाळी मी घाई केली. गळत्या बंद झाल्या होत्या, बॅफल बसला होता, आणि इ-२० चं गणित डोक्यात घोळत होतं. "पायलट मोठा लागणारच" असं मनाशी ठरवून, २५ चा पायलट गळतीशिवाय कसा चालतो हे न बघताच थेट ३० चा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वारज्याच्या पीयूसी केंद्रावर नेली. पीयूसीचं यंत्र आयडलिंगला धुरातलं कार्बन मोनॉक्साइड मोजतं, आणि त्यावरून पायलटचं मिश्रण कसं आहे याचा बरा अंदाज येतो. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के. आकडा आला ५.८. नापास.

माझ्या पहिल्या दिवशीच्या टिपणात आधीचा आकडा लिहिलेला होता: ०.४ टक्के. मुलाने जुलैमध्येच पीयूसी काढून घेतलं होतं आणि पास झाल्याने गाडी ठीक आहे असं समजला होता. तो आकडा दोन कारणांनी फसवा होता. मिश्रण खरोखर लीन होतंच, पण फुटक्या जोडातून आत येणारी हवा धूर पातळ करत होती, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षाही कमी दिसत होता. पाइप गळका असेल तर पीयूसीच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

गॅरेजला येऊन २५ चा पायलट परत घातला. गाडी आता बरीच सुधारलेली होती, फटाके जवळजवळ गेले होते. म्हणजे आदल्या संध्याकाळीच मला कळलं असतं की अर्ध्याहून जास्त आजार गळत्यांचा होता. माझा एक दिवस गेला, गिऱ्हाइकाच्या बारा दिवसांमधला.

पायलट ते मेन

२५ वर एअर स्क्रू फिरवत सर्वांत स्थिर आणि वरची आयडलिंग शोधली. ती जेमतेम अर्ध्या फेरीवर मिळाली. एका फेरीच्या आत मिळते याचा अर्थ पायलट थोडा लहान आहे. अडीचच्या पुढे गेली असती तर मोठा. २७.५ चा घातला. आता उत्तम आयडलिंग सव्वा फेरीवर. पुन्हा पीयूसी: २.४ टक्के.

यासाठी गाडी पूर्ण गरम हवी. उभी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून गरम होत नाही, खडकवासल्यापर्यंत जाऊन यावं लागतं. थंड गाडीवर केलेलं सेटिंग दुपारी बदलतं.

मग ग्रिपवर आणि त्याशेजारच्या हाउसिंगवर पांढरी टेप लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या. हे मुलाला फार आवडलं, कारण "मधे अडखळते" याऐवजी त्याला आता "पाव आणि अर्ध्याच्या मध्ये" असं सांगता येत होतं. अडखळणं नेमकं तिथेच होतं. त्या खुणेवर धरून चोक किंचित ओढला, आणि गाडी सुधारली. चोकने सुधारते म्हणजे पेट्रोल कमी, बिघडली असती तर जास्त. नीडलची क्लिप एक खाच खाली केली, म्हणजे नीडल वर आली. सिग्नलचं अडखळणं गेलं.

मेन जेटची चाचणी कुठे घ्यायची यावर मी विचार केला. आधी मनात सिंहगडाचा घाट होता, गॅरेजपासून जवळ. पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर आणि गडाचा माथा १३०० च्या आसपास. वर जाताना हवा विरळ होते आणि मिश्रण आपोआप रिच होत जातं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. पायथ्याशी बरोबर असलेलं जेट वर जड वाटेल आणि मी उगाच लहान घालेन. शिवाय रस्ता अरुंद. नवले पुलाकडच्या महामार्गावर पूर्ण रेस देऊन बघणं तर डोक्यातही आणायचं नाही, त्या उतारावरचे अपघात आम्ही या भागातले लोक वर्षानुवर्षं पाहतोय.

कात्रजचा जुना घाट ठरला. सकाळी साडेसहा, रस्ता कोरडा असलेल्या दिवशी, तिसऱ्या गिअरमध्ये. चढामुळे रेस पूर्ण उघडूनही वेग आवाक्यात राहतो. ९० वर पाऊणच्या पुढे ओढ संपत होती. ९५ वर सरळ ओढ. १०० वर ९५ पेक्षा काही जास्त मिळालं नाही, शेवटी किंचित जडपणा.

इथे खरा निर्णय होता. पुण्यासाठी ९५ बरोबर. पण गाडी चार दिवसांत समुद्राकाठी जाणार होती. ५६० मीटर खाली उतरलं की हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मिश्रण पुन्हा लीनकडे. दोन माणसं, सामान, आणि एअर-कूल्ड जुनं इंजिन. लीन चालून पिस्टन धरण्यापेक्षा (तापून अडकण्यापेक्षा) थोडं पेट्रोल जास्त गेलेलं बरं, असं म्हणून १०० ठेवलं.

निकाल

२५ तारखेला बाप-लेक निघाले. माणगावपर्यंत काही तक्रार नाही. कोकणात गाडी उत्तम चालली असं मुलाने फोनवर सांगितलं. परत येताना ताम्हिणीच्या चढाला मात्र ती जड झाली, वर धुक्यात पूर्ण रेसला घुटमळत होती. प्लग आणून दाखवला, काळपट. परतल्यावर ९५ घातलं. ॲव्हरेज ३१ वर स्थिरावलं. सायलेन्सर बदलण्याआधीच्या ३४ ला ते पोचलं नाही, आणि पोचेल असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

फटाके पूर्ण गेले नाहीत. लांब उतारावर रेस बंद करून आलं की क्वचित एखादा हलका फुटतो. ते घालवायला पायलट आणखी मोठा केला तर पीयूसी बिघडेल, म्हणून तिथेच थांबलो.

पुन्हा करायचं झालं तर

१०० चं जेट घालण्याचा निर्णय मी आज वेगळा घेईन. मेन जेट पाऊण रेसच्या पुढे बोलतं, आणि कोकणात दोन माणसं घेऊन जाताना इतकी रेस किती वेळ लागते? चढाला, म्हणजे परतीला, जेव्हा हवा विरळ होत जाते. जिथे त्या जेटची गरज पडणार होती तिथेच ते जास्त ठरलं. ९५ ठेवून "सपाटीवर पाऊणच्या पुढे फार वेळ धरू नका" एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. खालच्या मिश्रणाची काळजी मला असायला हवी होती, आणि तिथे एअर स्क्रूची पाव फेरी पुरली असती. वडिलांना एक छोटा स्क्रू ड्रायव्हर देऊन ते शिकवलं असतं, तर त्यांनी ते माझ्यापेक्षा नीट केलं असतं.

पायलटच्या घाईबद्दल वर लिहिलंच आहे.

मुलाच्या बाजूने एकच गोष्ट. जुना सायलेन्सर काढण्याआधी जेटचे नंबर, स्क्रूच्या फेऱ्या, क्लिपची खाच आणि पीयूसीचा आकडा कागदावर असता, तर पुढचे दोन महिने गाडी अंदाजाने फिरली नसती. मूळ ९० चं जेट तर त्या गॅरेजातून परत मागून आणावं लागलं. सुदैवाने त्यांनी फेकलं नव्हतं आणि तारेने मोठंही केलं नव्हतं.

गाडीचं रजिस्ट्रेशन २०२८ मध्ये पुन्हा नूतनीकरणाला जाईल. त्याआधी मूळ नमुन्याचा सायलेन्सर लावायचा, असं वडिलांनी ठरवलं आहे आणि मुलाने या वेळी लगेच हो म्हटलं. ९० चं मेन आणि २५ चा पायलट एका प्लास्टिकच्या डबीत घालून, "क्लिप मधली, स्क्रू दीड फेरी" अशी चिठ्ठी चिकटवून, ती डबी मी गाडीच्या टूल बॉक्समध्ये ठेवली आहे.